अंगकोरची उलटी प्रदक्षिणा : सिएम रीपमधले पाच दिवस

कंबोडियात सिएम रीपला येणारे बहुतेक जण दोन दिवसांत अंगकोर, म्हणजे जुन्या ख्मेर राजांची देवळं आणि राजधानी, उरकतात. पहाटेचा सूर्योदय, बायॉनचे दगडी चेहरे, झाडांनी विळखा घातलेलं ता प्रोम, रात्री पब स्ट्रीट, की झालं. ज्याला भीष्म, बाणासुर, वाली, चित्रगुप्त कोण हे कोणी समजावून सांगावं लागत नाही, त्याने तरी ही घाई करू नये. इथे शे-शे फुटांच्या भिंतींवर ओळखीच्या कथा कोरलेल्या आहेत आणि त्या बघायला उभं राहावं लागतं. म्हणून खालचा बेत मुद्दाम सैल ठेवला आहे : देवळांचे तीन दिवस, शहर आणि तळ्याचे दोन.

हवा नोव्हेंबर ते फेब्रुवारी चांगली. एप्रिलमध्ये पारा चाळिशीला टेकतो, दगड तापतो आणि दुपारी बारानंतर देऊळ बघणं ही शिक्षा होते. पावसाळ्यात, म्हणजे मे ते ऑक्टोबर, सरी बहुधा दुपारनंतर येतात. गर्दी कमी असते, खंदक भरलेले असतात आणि शेवाळ हिरवंगार असतं. पायऱ्या मात्र निसरड्या होतात.

पहिला दिवस : पोचणं, पैसे, पास

मुंबईहून बँकॉक, सिंगापूर, क्वालालंपूर किंवा व्हिएतनाममार्गे विमान बदलून यावं लागतं. थायलंडमधून पॉइपेटच्या सीमेवरून बसने येण्याचा जुना स्वस्त मार्ग २०२५ च्या सीमासंघर्षात बंद झाला, तेव्हा जुन्या प्रवासवर्णनांवर विसंबून बसचा बेत करू नका. भारतीय पारपत्रावर ३० दिवसांचा पर्यटक व्हिसा विमानतळावर ३० डॉलरला मिळतो. ऑनलाइनही काढता येतो. त्याशिवाय ई-अरायव्हल नावाचा अर्ज येण्याच्या आधीच्या सात दिवसांत भरायचा असतो. तो फुकट आहे. पैसे मागणारं संकेतस्थळ दिसलं तर ते सरकारी नाही, असं समजून बंद करा.

नवा विमानतळ ऑक्टोबर २०२३ मध्ये सुरू झाला. जुना शहराला खेटून होता, हा मात्र पूर्वेला, तासाभराच्या रस्त्यावर आहे. टॅक्सी ३५ डॉलरच्या आसपास, शटल बस त्याच्या पाव भाड्यात. एकटे-दुकटे असाल तर बस, चौघे असाल तर टॅक्सी. टुकटुकवाला, म्हणजे इथला रिक्षावाला, स्वस्तात नेतो म्हणाला तरी सामानासकट महामार्गाची धूळ खात एवढं अंतर जाण्यात मजा नाही.

व्यवहार डॉलर आणि रिएल, म्हणजे इथलं चलन, दोन्हींत चालतात. हिशेब साधारण ४,००० रिएलला एक डॉलर असा धरतात, त्यामुळे दीड डॉलरच्या वस्तूला दोन डॉलर दिले की २,००० रिएल परत येतात. अडचण नोटांची होते. कडेला बारीकशी चीर असलेली, पेनाची रेघ असलेली किंवा जुन्या छपाईची डॉलरची नोट इथे कोणी घेत नाही, आणि तीच नोट तुमच्या हातात सरकवायला मात्र सगळे तयार असतात. परत मिळालेली नोट उजेडात धरून बघा आणि खराब असेल तर तिथेच परत करा. भारतातून नेताना २०, १० आणि ५ च्या कोऱ्या नोटा मागून घ्या. एटीएम डॉलर देतं, पण दर वेळी पाचेक डॉलर शुल्क कापतं, म्हणून थोडे थोडे काढू नका.

दुपारी विश्रांती घेऊन साडेचारला अंगकोरच्या देवळांचा पास काढायला निघा. पास फक्त सरकारी तिकीटघरात किंवा त्यांच्या संकेतस्थळावर मिळतो. देवळांच्या दाराशी किंवा हॉटेलात नाही. एका दिवसाचा ३७ डॉलर, तीन दिवसांचा ६२, सात दिवसांचा ७२. तीन दिवसांचा पास दहा दिवसांत कधीही वापरता येतो, सातचा महिनाभरात. सलग दिवस लागत नाहीत. ६२ आणि ७२ मधला फरक बघितलात, तर चौथ्या दिवशी एखादंही देऊळ बघायचा विचार असल्यास सातचाच घ्यावा, हे उघड आहे. फोटो तिथेच काढून पासवर छापतात, म्हणून एकाचा पास दुसऱ्याला चालत नाही, आणि हरवला तर पुन्हा पूर्ण पैसे. बारा वर्षांखालच्या मुलांना पास लागत नाही, पण वय दाखवायला पारपत्र लागतं.

संध्याकाळी पाचच्या सुमारास घेतलेला पास दुसऱ्या दिवसापासून मोजतात आणि त्या संध्याकाळचा सूर्यास्त वरकड मिळतो. सगळे टुकटुकवाले यासाठी नॉम बाखेंगच्या टेकडीवर नेतात. तिथे एका वेळी ३०० माणसांनाच वर सोडतात, आणि साडेपाचला पोचणारा रांगेतच अंधार बघतो. त्यापेक्षा स्रह स्रांगच्या तळ्याकाठी दगडी घाटावर बसावं. ढग असले तरी तिथे काही बिघडत नाही.

दुसरा दिवस : फक्त अंगकोर वाट

पहाटे साडेचारला टुकटुक. आदल्या रात्री ठरवून ठेवा. शहरात ग्रॅब आणि पासॲप ही गाडी बोलवायची दोन्ही ॲप चालतात, पण दिवसभरासाठी एकच गाडी बांधलेली बरी. जवळच्या देवळांच्या लहान फेरीला दिवसाचे साधारण १५ ते २० डॉलर, पहाटेचे थोडे वर. देवळाचं दार पाचला उघडतं. डिसेंबर-जानेवारीत सूर्य सव्वासहाच्या पुढे येतो, जूनमध्ये पावणेसहाच्या आत. डाव्या बाजूच्या तळ्याशी तिपाया आणि सेल्फी-काठ्यांचं जंगल झालेलं असतं. उजव्या बाजूच्या तळ्याशी निम्मी गर्दी असते, फक्त उन्हाळ्यात तिथलं पाणी कमी होतं. देऊळ पश्चिमाभिमुख असल्यामुळे सूर्य शिखरांच्या मागून वर येतो आणि समोरचं सगळं काळ्या आकृतीसारखं दिसतं. २१ मार्च आणि २३ सप्टेंबरच्या आसपास तो नेमका मधल्या शिखरावर टेकतो.

सूर्य वर आला की निम्मी माणसं न्याहारीला हॉटेलात परततात. खरी वेळ तीच. आधी बाकानवर, म्हणजे तिसऱ्या, सर्वांत वरच्या मजल्यावर जा, कारण तिथे एका वेळी शंभरच जण सोडतात आणि नऊनंतर रांग ऊन्हात उभी असते. मूळ दगडी पायऱ्या जवळजवळ उभ्या आहेत. चढायला वर लाकडी जिना बसवला आहे, तोही चांगलाच खडा. गुडघे आणि खांदे झाकलेले हवेत. बिनबाह्यांच्या कपड्यावर ओढणी किंवा पंचा टाकून चालत नाही, बाही लागतेच. इथेच सगळ्यात जास्त माणसं परत पाठवली जातात. टोपी काढावी लागते, बारा वर्षांखालच्या मुलांना वर नेत नाहीत. बौद्ध उपोसथाच्या दिवशी बाकान बंद असतं. ते दिवस अष्टमी, पौर्णिमा, अमावास्या असे येतात, म्हणजे घरच्या कालनिर्णयात बघूनच बेत आखता येईल; एखाद्या दिवसाचा फरक धरा.

खाली उतरल्यावर पहिल्या मजल्याच्या ओवऱ्या. आपल्या सवयीने पाय डावीकडे वळतात आणि देऊळ उजव्या हाताला ठेवून प्रदक्षिणा सुरू होते. इथे तसं केलं तर कथा शेवटाकडून वाचल्या जातात. पश्चिम दारातून आत आल्यावर उजवीकडे, दक्षिणेला वळा आणि भिंत डाव्या हाताला ठेवून पश्चिम, दक्षिण, पूर्व, उत्तर अशी उलटी फेरी घ्या. बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात दुसऱ्या सूर्यवर्मन राजाने हे विष्णूचं देऊळ बांधलं. पश्चिमेचं तोंड आणि हा उलटा क्रम यांवरून ते त्याचं स्मारकही असावं, असं बरेच अभ्यासक मानतात.

पहिला पट कुरुक्षेत्राचा, सुमारे ४९ मीटर. डावीकडून कौरव, उजवीकडून पांडव, मधोमध घनघोर. डाव्या अंगाला वरच्या बाजूस शरपंजरी भीष्म पटकन सापडतो, डोक्यावर अंबाडा बांधलेला द्रोण रथात आहे, अर्जुनाच्या रथावर चार हातांचा कृष्ण. दगडाचे काही भाग काळेभोर गुळगुळीत चमकतात ते शतकानुशतकं हात लागून. आता पुढे दोरी आहे, तरी हात लावणारे दिसतातच. नैर्ऋत्येच्या कोपऱ्यातली चौकोनी खोली बहुतेक गट न थांबता ओलांडतात. त्यात गोवर्धन उचलणारा कृष्ण आणि वालीवध आहे. मान वर करून बघावं लागतं.

दक्षिणेच्या ओवरीत आधी सूर्यवर्मनची स्वतःची मिरवणूक येते. राजा ओळखायचा असेल तर छत्र्या मोजा. ज्याच्याभोवती सर्वांत जास्त, पंधरा, तो राजा. पुढे ६६ मीटरचा स्वर्ग-नरकाचा पट. रेड्यावर बसलेला, अनेक हातांचा यम आणि त्याच्या पुढे चित्रगुप्त. त्यानंतर भिंत दोन मजली होते, वर ३७ स्वर्ग, खाली ३२ नरक, आणि कोणत्या पापाला कोणता नरक हे दगडात लिहून ठेवलेलं आहे. स्वर्ग सगळे एकसारखे, पडदे लावलेले महाल. कारागिरांची कल्पनाशक्ती नरकात खुलली आहे.

पूर्वेचा समुद्रमंथनाचा पट साडेनऊच्या आत गाठावा, तोवर तिरपं ऊन खांबांमधून भिंतीवर येतं. डावीकडे ९२ असुर वासुकीच्या तोंडाकडून, उजवीकडे ८८ देव शेपटीकडून, मध्ये विष्णू आणि खाली कूर्म. शेपटीच्या टोकाला एक वानर उभा आहे. मंथनात मारुती कुठून आला, हे आपल्या पुराणांत नाही. ही ख्मेर मंडळींची भर. आता खाली वाका आणि पाणी बघा. कडेचे मासे, सुसरी धड आहेत. मंथनदंडाजवळ जाल तसे ते भोवऱ्यात सापडून मधोमध तुटलेले, चिरफाळलेले दिसतात. ४९ मीटरच्या भिंतीवर पाण्याचा वेग दाखवायची ही युक्ती उभ्याउभ्या नजरेतून निसटते.

पुढचे दोन पट सोळाव्या शतकात पुरे केलेले आहेत आणि कसब कमी पडलं आहे हे कळतं. बाणासुराचं युद्ध तेवढं बघा. शेवटी कृष्ण शंकरापुढे गुडघे टेकतो आणि शेजारी गणपती बसलेला आहे. फेरीच्या शेवटी, पश्चिमेच्या उत्तर अंगाला, लंकेचं युद्ध : दहा तोंडांचा, वीस हातांचा रावण, आणि हनुमानाच्या खांद्यावर उभा राम. या सगळ्याला चार तास लागतात. अकरापर्यंत बाहेर या, जेवा, झोपा. फोटो हवे असतील तर चारला परत या, तेव्हा पश्चिमेच्या दोन्ही पटांवर उतरतं ऊन पडतं. एकाच दिवसात पासवर कितीही वेळा आत जाता येतं. देऊळ साडेपाचला बंद होतं.

तिसरा दिवस : अंगकोर थोम, ता प्रोम, प्रिया खान

अंगकोर वाट आणि पहाटे उघडणारी दोन-तीन ठिकाणं सोडली तर बाकी देवळं साडेसातला उघडतात, तेव्हा आज घाई नाही. अंगकोर थोम ही सातव्या जयवर्मनची राजधानी, बाजूला तीन-तीन किलोमीटर तटबंदी. दक्षिण दरवाज्याच्या पुलावर एका बाजूला ५४ देव, दुसऱ्या बाजूला ५४ असुर नाग धरून बसले आहेत. टुकटुक पुलाच्या अलीकडे थांबवून चालत आत जा, गाडी पलीकडे बोलवा.

बायॉनमध्ये चेहऱ्यांचे फोटो काढून माणसं निघतात. त्यांनी बाहेरच्या ओवरीची दक्षिण भिंत चुकवलेली असते. शेजारच्या राज्यातल्या चाम लोकांशी झालेली नाविक लढाई तिथे आहे, पण मजा तिच्या खालच्या पट्टीत : कोंबड्यांची झुंज, बाजार, पट मांडून खेळणारे दोघे, कढईत सोडलं जाणारं डुक्कर, पाण्यात पडलेल्याला धरणारी सुसर. राजाच्या इतिहासात स्वयंपाकघराला एवढी जागा क्वचित मिळते.

शेजारचं बाफुऑन दुरुस्तीच्या कथेसाठी बघावं. फ्रेंच तज्ज्ञांनी देऊळ उतरवून सुमारे तीन लाख दगड क्रमांक घालून रानात मांडले. १९७० च्या दशकात यादवीमुळे काम थांबलं, ख्मेर रूज या कम्युनिस्ट राजवटीच्या काळात नोंदी नष्ट झाल्या, आणि १९९५ पासून दगड पुन्हा जुळवत २०११ मध्ये काम संपलं.

ता प्रोमला सकाळी दहा-अकराला सगळ्या बस एकदम येतात. साडेतीननंतर जा. ११८६ मध्ये जयवर्मनने आईच्या स्मरणार्थ हे बांधलं. इथल्या शिलालेखात ३,१४० गावं आणि ७९,३६५ माणसं या देवळाच्या सेवेला लावल्याची नोंद आहे. दुरुस्ती भारताचं पुरातत्त्व सर्वेक्षण खातं करत आहे. झाडं काढली तर भिंती कोसळतात आणि ठेवली तर हळूहळू फाकतात, असा पेच आहे, म्हणून काही मुळांखाली आधार दिलेले दिसतील. इथल्या आणि प्रिया खानच्या आवारभिंतींचा दगड कोकणातल्या माणसाला लगेच ओळखू येईल : जांभा. बाहेरचं कोरीवकाम वालुकाश्मात, पाया आणि तट जांभ्यात, ही ख्मेर बांधकामाची नेहमीची पद्धत. खरी कमान त्यांनी कधी बांधली नाही. दगड एकावर एक थोडे थोडे पुढे सरकवून छत जुळवलं, म्हणून एवढ्या अवाढव्य देवळांतल्या खोल्या बोळासारख्या अरुंद.

प्रिया खान दुपारी जेवणानंतर, ता प्रोमच्या आधी. पश्चिम दाराशी उतरा, सरळ पूर्वेपर्यंत चालत जा आणि टुकटुक पलीकडच्या दाराशी बोलवा, म्हणजे तोच रस्ता दोनदा होत नाही. कोणत्या दाराशी ते फोनवर नकाशा दाखवूनच सांगा. माकडं हातातली पिशवी ओढतात. केळी बाहेर दिसू देऊ नका.

चौथा दिवस : बान्ते स्रेई आणि क्बाल स्पियन

शहरापासून बान्ते स्रेई ३५ किलोमीटरच्या वर. टुकटुकने तास-सव्वा तास, २५ ते ३० डॉलर. सातलाच निघा, कारण देऊळ पूर्वाभिमुख आहे आणि सकाळच्या उन्हात गुलाबी दगड पेटतो. ९६७ साली यज्ञवराह नावाच्या राजगुरूने हे शिवालय प्रतिष्ठापिलं. आकार लहान, दारं वाकून जाण्याइतकी बुटकी, आणि कोरीवकाम सगळं डोळ्यांच्या उंचीवर. आतल्या चौथऱ्याला दोरी आहे, तेव्हा छोटी दुर्बीण असेल तर न्या.

दक्षिणेकडच्या ग्रंथालयाच्या पूर्व महिरपीवर रावण कैलास हलवतो आहे. वेरूळचा तो प्रसंग पाहिलेल्याने इथे थांबून ताडून बघावं. तिथे खडकाच्या अंधारातून रावण अंगावर येतो. इथे कैलास पायऱ्यापायऱ्यांचा, प्रत्येक पायरीवर घाबरलेले गण, ऋषी, पशुमुखी सेवक, आणि पार्वती शंकराला बिलगलेली. मागच्या, पश्चिम बाजूला मदनदहन. उत्तरेकडच्या ग्रंथालयावर खांडववनावर बरसणारा इंद्र आणि पाठीमागे कंसवध. पावसाच्या तिरप्या रेघा दगडात कशा ओढल्या आहेत ते जवळून बघण्यासारखं आहे. १९२३ मध्ये आंद्रे माल्रो या फ्रेंच लेखकाने इथल्या देवता कापून नेल्या आणि पकडला गेला. पुढे तोच फ्रान्सचा सांस्कृतिक मंत्री झाला.

क्बाल स्पियन त्याच्या पुढे, त्याच पासवर. दीड किलोमीटरची जंगलातली चढण, मुळं आणि खडक; चपला नकोत. दुपारी तीनपर्यंत पायथा गाठा, नंतर वर सोडत नाहीत. नदीच्या तळात रांगांनी लिंगं कोरली आहेत, त्यांवरून वाहिलेलं पाणी पवित्र होऊन खाली अंगकोरच्या शेतांत जावं म्हणून. शेषशायी विष्णूही आहे. फेब्रुवारीनंतर पाणी आटतं आणि धबधब्याची धार उरते. नुसत्या धबधब्यासाठी एवढं चढू नका.

परतीच्या वाटेवर प्रियाह दाक गावात रस्त्याकडेला ताडाचा रस आटवून गूळ करतात. ताडाच्या पानात बांधलेल्या वड्या घ्या. याच गावाची नोम बन्ह चोक, म्हणजे तांदळाच्या ताज्या शेवया, प्रसिद्ध आहेत, पण वरची हिरवी आमटी माशाची असते. शाकाहारी माणसाची खरी अडचण इथे आहे : मांस दिसत नाही, तरी माशाचं पाणी आणि प्राहोक, म्हणजे आंबवलेली मासळी, भाजीतही पडते. नुसतं ‘व्हेजिटेरियन’ म्हटल्याने भागत नाही. ‘बुओस’ म्हणा, तो शब्द पूर्ण शाकाहाराला समजतात, आणि माशाचं पाणी नको, हे वेगळं सांगा. शहरात भारतीय खानावळी आहेत, देवळांच्या आवारात नाहीत. दुपारसाठी दशम्या आणि चटणी जवळ असलेली बरी.

वेळ उरला तर सूर्यास्त प्रे रूपवर. दहाव्या शतकातलं हे देऊळ सातपर्यंत उघडं असतं.

पाचवा दिवस : तळं, बाजार, आराम

तोनले साप हे तळं पावसाळ्यात अनेक पटींनी फुगतं : कोरड्या दिवसांत अडीच हजार चौरस किलोमीटर, पुरात सोळा हजारांपर्यंत. मेकाँगला पूर आला की तळ्यातून बाहेर वाहणारी नदी उलटी फिरते आणि पाणी तळ्यात शिरतं. म्हणून काठच्या कांपोंग फ्लुक गावातली घरं दोन-तीन माणसं एकमेकांच्या खांद्यावर उभी राहतील एवढ्या उंच खांबांवर आहेत. ऑगस्ट ते डिसेंबर होडीने गावातून जाता येतं, पाण्यातल्या जंगलात लहान होडीचे वेगळे पैसे पडतात. मार्च ते मे तिथे चिखल आणि उघडे खांब असतात. तेव्हा गेलात तर होडीची अपेक्षा ठेवू नका. वाटेत कोणी शाळेसाठी तांदळाचं पोतं विकत घ्या म्हणून दुकानात उतरवलं तर नम्रपणे नाही म्हणा. तेच पोतं संध्याकाळी पुन्हा दुकानात येतं.

दुपारी प्सार चास, म्हणजे जुना बाजार. क्रमा नावाचा चौकड्यांचा सुती पंचा आणि कांपोतची मिरी घेण्यासारखी. मिरीचा दाणा दाताखाली चावून बघा. पोकळ निघाला तर दुसरं दुकान. सांगितलेल्या किमतीच्या साठ टक्क्यांच्या आसपास सौदा बसतो. नदीकाठी पाय चेपून घ्यायला तासाला दहा डॉलरच्या आत. संध्याकाळी आठला फारे सर्कस : प्राण्यांशिवाय, बातांबांगच्या कलाशाळेतल्या मुलांची. पब स्ट्रीट त्यानंतर पाहिला तरी चालतो, नाही पाहिला तरी चालतो.

परतीच्या विमानाआधी शहरातून चार तास राखून निघा : एक तास रस्त्याचा, बाकीचा विमानतळाचा. उरलेले रिएल टॅक्सीवाल्याला किंवा जेवणात संपवा. भारतात ते कोणी बदलून देत नाही.